उडीपलीकडची बोटं

"तीन!" घोडी हवेत असतानाच भिंगरी ओरडली.

रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला ताई उभ्या होत्या. त्यांनी पाचही बोटं वर धरली होती.

"उडी बंद," त्या म्हणाल्या. "गोल फिरव तिला."

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. सपाट वाळूवर गोल फिरायचं, थांबायचं, दोन पावलं मागे सरकायचं, हे मुलांना शिक्षेसारखं वाटे. खरी विद्या तिथेच असते. उडी म्हणजे तिच्याखालची नुसती सही. पण अकरा वर्षांच्या पोरीला हे कोण पटवणार?

बोटांचा नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे ताईंचे वडील, या पागेचे जुने शिक्षक. नवखं पोर उडी मारताना खाली, अडसराच्या आडव्या बांबूकडे बघतं, आणि जिथे नजर पडते तिथेच पोर पडतं. म्हणून शिकवणाऱ्याने पलीकडे उभं राहून बोटं दाखवायची, स्वाराने हवेतच आकडा ओरडायचा. आकडा चुकला की समजावं, नजर खाली होती. मग उडी नाही म्हणजे नाही.

भिंगरी आठ दिवस चुकत होती. एक दाखवा, चार दाखवा, बयेचं आपलं तीन.

आज फाटकाशी वीटभट्टीचा ट्रक येऊन उभा होता. गेल्या वर्षी मास्तर गेले, तेव्हापासून त्यांची म्हातारी घोडी बांबू दिसला की चारही पाय रोवून उभी राही. मुलं तिला मावशी म्हणत. पागेच्या मालकांनी सांगून टाकलं होतं, "रविवारच्या स्पर्धेत उतरत असेल तर ठेवा. नाहीतर विटा वाहील." मावशी उडी मारायची ती फक्त भिंगरीला पाठीवर घेऊन. आणि न बघता उड्या मारणाऱ्या पोरीला स्पर्धेत सोडणं म्हणजे आपल्या हातांनी तिची मान मोडणं. ताईंना ते जमणार नव्हतं.

"ओ बाई, चढवायची का घोडी?" ड्रायव्हर ओरडला. "मला अजून दोन खेपा आहेत!"

"थांबा हो जरा." ताई भिंगरीजवळ गेल्या. "डोळे तपासलेत का गं तुझे?"

"आईने नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घारीचे डोळे आहेत."

ताईंनी दहा पावलं मागे जाऊन दोन बोटं दाखवली. "किती?"

"दोन."

"आता?"

"चार. ताई, मी बालवाडीत नाहीये."

"मग उडी मारतानाच काय होतं? अंदाजपंचे ठोकून देतेस ना?"

भिंगरीचे डोळे भरले. मावशीची आयाळ तिने मुठीत घट्ट धरली. "शप्पथ नाही. मी बघूनच सांगते. त्यांची रोज तीनच असतात."

"त्यांची? कुणाची?"

"तुमच्या मागे उभे असतात त्यांची. तुम्हीच म्हणता ना, सगळ्यात उंच दिसेल तिकडे बघ. ते तुमच्याहून उंच आहेत. मला वाटलं, परीक्षा घ्यायला येतात. मी खाली आले की नसतात." तिने बाहीने नाक पुसलं. "पण ताई, त्यांना करंगळी नाहीये. शेजारचं बोटपण नाही. मग ते पाच कुठून दाखवणार?"

ताईंची नजर वळली.

खोगिरांच्या खोलीच्या दाराशी मास्तरांचा उजवा हातमोजा अजून खिळ्याला टांगलेला होता. त्याची तीन बोटं वाळून चपटी झाली होती. दोन अजून फुगीर होती. त्यांत कापूस होता, ताईंनीच लहानपणी भरलेला. बुजलेल्या घोड्याची दोरी मास्तरांनी एकदा, एकदाच, हाताला गुंडाळून धरली होती. मुलं घाबरतील म्हणून पुढे जन्मभर त्यांनी तो मोजा चारचौघांत काढला नाही. मोज्याखालचा हात घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. आणि भिंगरी तर पागेत आली ती मास्तर गेल्यावर.

"पुन्हा एकदा," ताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "शेवटची उडी. आकडा बरोबर आला तर मावशी इथेच राहील."

त्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांनी खिशात घातले. मागे लाकडी कुंपण होतं, कुंपणामागे रिकामं कुरण. वारा नव्हता. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मावशी दौडत आली. तिचे कान टवकारलेले होते. ताईंच्या दिशेने नाही; किंचित वर, त्यांच्या खांद्यापलीकडे. रोजच ती अशी बघत होती. ताईंनी कधी लक्षच दिलं नव्हतं.

घोडी हवेत झेपावली. बांबूला खूर लागला नाही. भिंगरीची मान ताठ, नजर वर.

पण आकडा आला नाही.

टापा वाळूत रुतल्या. लगाम खेचून भिंगरी ताईंच्या समोर थांबली, धापा टाकत.

"किती?" ताईंनी विचारलं.

"दाखवलीच नाहीत."

ड्रायव्हरने फाटकाची कडी काढली.

"कशी दाखवतील?" भिंगरी म्हणाली. या खेपेला ती खाली आली तरी तिची नजर वरच होती. "हात तुमच्या खांद्यावर ठेवलाय ना त्यांनी."

ताई वळल्या नाहीत. त्यांनी खिशातून डावा हात काढला आणि ट्रकला परत जायची खूण केली. उजवा खांदा त्यांनी जराही हलू दिला नाही.