एक कपाट कापायचं

"एक कपाट कापून बघितल्याशिवाय मी सही करणार न्हाय," संघप्रिया म्हणाली आणि तिनं पेन खिशात घातलं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका गोदामात ती उभी होती. परदेशातून कंटेनरनं आलेली स्वयंपाकघराची कपाटं खोक्यांत घालून तीन थरांत रचली होती. दुपारपर्यंत ती नागाळा पार्कातल्या नव्या इमारतीत पोचायची होती. माल तपासून सही करायचं काम संघप्रियाचं. तिची सही नसेल तर माल हलवायचा नाही, हा नियम खुद्द मालकानंच केलेला. नियम करताना माणसाला वाटत नाही, की कुणी तो पाळेल म्हणून.

मालक पृथ्वीराज हसला. त्यानं वरच्या थरातल्या एका उघड्या कपाटाच्या दारावरून हात फिरवला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तोंड दिसतंय बघ ह्यात."

"तोंड दिसतंय, सर. आतलं लाकूड न्हाय दिसत. कागदावर वॉटरप्रूफ प्लाय लिहिलाय. आत भुसा दाबून केलेला बोर्ड निघाला, तर कुकरच्या वाफेनं फुगंल, स्क्रू सुटतील. बायकांच्या डोक्यावर टांगायचं हाय हे."

कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या बाळासोंनी मान वर केली. पृथ्वीराजचे हे वडील. त्यांची सगळी हयात मार्केट यार्डात गुळाच्या व्यापारात गेली. आता पोराच्या गोदामात नुसते बसायला येत, आणि कुणी विचारत नाही म्हणून बोलतही नसत.

संघप्रिया त्यांच्याकडे वळली. "आबा, गुळाची ढेप फोडून बघितल्याबिगर तुम्ही कधी भाव बोलला काय?"

"न्हाय," बाळासो म्हणाले.

बापासमोर पोराची पंचाईत झाली. तो जरा तांबडालाल झाला.

"काप तर मग. पण आत प्लाय निघाला, तर उद्यापासून कामावर यायचं न्हाय. चालंल?"

ही नोकरी तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"चालंल," ती म्हणाली.

खोकं पृथ्वीराजनंच निवडलं, वरच्या थरातलं. नवंकोरं कपाट कापायचं गोदामातल्या कृष्णात सुताराच्या जिवावर आलं होतं, पण त्यानं करवत लावली. करवत करकरली, अडली, कृष्णातला घाम फुटला. शेवटी फळी सुटली, तेव्हा आत एकावर एक घट्ट बसलेले प्लायचे पापुद्रे दिसले. अस्सल माल.

पृथ्वीराजनं टाळी वाजवली. "बघितलंस? उद्यापासून येऊ नको."

कृष्णातनं मान खाली घातली. संघप्रियाचा चेहरा उतरला. तिनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. माल चांगला होता, नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. मग तिनं वरपासून खालपर्यंत त्या थरांकडे एकदा नीट पाहिलं.

"उद्यापासून ना, सर? आज हाय की मी. कृष्णातदादा, खालच्या थरातलं एक काढा."

"खुळी झालीस काय?" पृथ्वीराजचा आवाज चढला. "आबा, तुम्हीच सांगा हिला काय तरी."

बाळासो गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले.

"काय सांगू? मी इकत हुतो तवा मीबी चांगला गूळ वरच ठेवत हुतो की," ते म्हणाले. "काढ रं कृष्णात."

खालचं खोकं काढायचं म्हणजे वरची सगळी उतरवावी लागली. पृथ्वीराज हाताची घडी घालून बघत राहिला. कपाट बाहेरून अगदी पहिल्यासारखंच निघालं, तसंच चकचकीत. कृष्णातनं करवत टेकवली, आणि त्यानं जोर लावायच्या आधीच ती आत गेली. आवाज असा झालाच नाही. फरशीवर ओलसर भुसा सांडत राहिला.

पृथ्वीराज एका खोक्यावर मटकन बसला. थोड्या वेळानं त्यानं टेम्पोवाल्याला फोन लावला आणि आज येऊ नको म्हणून सांगितलं. मग संघप्रियाकडं न बघताच म्हणाला, "ये उद्या."

"उद्याचं उद्या बघू, सर," ती म्हणाली. तिनं करवत उचलली, भुसा झटकला आणि ती कृष्णातच्या हातात दिली. "दादा, आता मधलं काढा."