पानांची सळसळ

"मी आयकर खात्यातून बोलतोय. ताबडतोब पैसे भरा, नाहीतर घरी पोलीस येतील!"

खांबेट्यांनी पेपर मांडीवर ठेवला. याच खात्यात चौतीस वर्षं खुर्ची उबवून निवृत्त झालेल्या माणसाला हा भामटा धमकावत होता! कॉलनीत असे फोन सगळ्यांनाच येत होते. पण खांबेट्यांना राग आला तो लबाडीचा नव्हे, ढिसाळपणाचा.

"अरे गाढवा, ओरडतोस काय असा? खरा साहेब कधी ओरडत नाही. नाव विचारायचं आणि गप्प बसायचं. नुसती फाइलची पानं उलटायची. समोरच्याला तिथंच घाम फुटतो. हे ऐक!" त्यांनी फोनजवळ पेपरची पानं सावकाश उलटून दाखवली.

पलीकडून नम्र आवाज आला, "थँक्यू, सर."

निवृत्तीनंतर सहा वर्षांत त्यांना कुणी 'सर' म्हटलं नव्हतं. दिवसभर ते शीळ घालत घरात हिंडले.

चौथ्या दिवशी मागच्या बिल्डिंगमधल्या धाकट्या बहिणीचा रडत फोन आला. "दादा, मी साठ हजार भरून बसले रे! आयकरवाल्याला."

"अगं, शंभरदा सांगितलं होतं, ते भामटे असतात म्हणून!"

"हा तसा नव्हता रे. ओरडला नाही की काही नाही. नाव विचारलं आणि नुसती पानं उलटत राहिला. मला वाटलं, तुझ्यासारखा खरा साहेब असणार."

खांबेट्यांनी हातातला पेपर घाईघाईनं मिटायला घेतला. फोनजवळ पानं सळसळली.

"दादा," बहीण दचकून म्हणाली, "अगदी हाच आवाज!"