वायरीची दोन्ही टोकं

"रिकामं पोर्ट दिसलं म्हणून त्यात वायर खुपसायची नाही हां, वहिनी," छापखान्यातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचची पेटी भिंतीवर ठोकताना दिराने बजावलं होतं. तिने "बरं भावजी" म्हटलं होतं आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. एवढ्याशा भोकाला काय जपायचं? डोळ्यांत तेल घालून जपायला तिच्याकडे तिची रांगती लेक ढमी होती.

आज दुपारी घराखालच्या छापखान्यातल्या टेबलाखाली झाडू मारताना तिला एक वायर लोंबताना दिसली. एक टोक स्विचमध्ये, दुसरं जमिनीवर. गिऱ्हाइकाचा लॅपटॉप जोडायला दिराने ती तशी सोडली होती. तिला मात्र पुढचं दिसायला लागलं: ढमी खाली रांगत येणार आणि पहिल्यांदा हेच टोक तोंडात घालणार. तिने ते उचललं, पदराने पुसलं आणि शेवटच्या रिकाम्या पोर्टमध्ये बसवून टाकलं. टक् असा आवाज झाला. कसं नीटनेटकं दिसलं. ती समाधानाने काउंटरवर येऊन बसली.

काउंटरच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात वरच्या मजल्यावरची खोली दिसत होती. गादीवर ढमी उताणी, दोन्ही हात डोक्याशी. शेजारी खुर्चीत सासूबाई, मान कलंडलेली. दोघी गाढ झोपेत.

कॅमेरा तिच्याच हट्टाने लागला होता. हल्ली ढमी पलंगाला धरून उभी राहायची, एक हात सोडायची, जरा विचार करायची आणि बदकन बुडावर बसायची. पहिलं पाऊल आज टाकेल की उद्या, नेम नव्हता. ते आपल्या डोळ्यांदेखत पडावं, बाकी काही नको, असं तिचं म्हणणं. सासूबाई कॅमेऱ्याला डबडं म्हणत. मी काय पोर पळवून नेणार आहे, असं त्या खास त्याच्यासमोर उभं राहून विचारत. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, पण ओठ हलले की खाली तिला शब्द कळत.

आज मात्र सगळं कसं शांत होतं. मागे कागद कापायचं मशीन घरघरत होतं. ती कार्डांचे गठ्ठे बांधत होती आणि दर गठ्ठ्यामागे एकदा स्क्रीनकडे बघत होती. ढमी अजून झोपलेली. कुशीवरसुद्धा वळलेली नाही. इतकी शहाण्यासारखी झोप? आपलीच दृष्ट लागायची, म्हणून तिने नजर काढून घेतली.

तेवढ्यात दीर मागून कुरकुरत आला. प्रिंटर फाइल घेईना, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर काही जाईना. त्याने वर भिंतीकडे पाहिलं. एरवी स्विचवरचे हिरवे दिवे आपापल्या लयीत लुकलुकायचे. आता सगळे एकदम पिसाटल्यासारखे फडफडत होते.

"वहिनी, इथे काय केलंत?"

"आवरलं," ती म्हणाली.

दिराने वायरीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हसायलाच लागला. मग त्याने समजावलं. स्विच म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. कोण कुठे राहतं ते त्याला पाठ, ज्याचा निरोप त्याच्याच दारात देतो. सगळ्यांसाठीचा निरोप आला, की तेवढा दारोदार सांगत सुटतो. वहिनींनी एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच्यातच अडकवली. आता निरोप एका दाराने बाहेर पडतो आणि दुसऱ्या दाराने परत त्याच्याच कानावर येतो. त्याला वाटतं, नवीन आहे. की निघाला पुन्हा सगळ्यांना सांगायला. या धावपळीत खऱ्या निरोपाला वाटच मिळत नाही.

"म्हणजे प्रिंटर बंद?"

"प्रिंटर काय, या पेटीला जे जे जोडलंय ते सगळं."

तिने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "कॅमेरा?"

दीर हसायचा थांबला. तिने स्क्रीनकडे पाहिलं. चित्राच्या कडेला छोटं घड्याळ होतं. त्यातले सेकंद हलत नव्हते. भिंतीवरचं घड्याळ कधीच पुढे निघून गेलं होतं.

एक चप्पल जिन्यात राहिली. पलंगाचा कोपरा, पाण्याची बादली, उघडी खिडकी, सगळं तिच्याआधी जिना चढत होतं. वरून रडणं ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होता सासूबाईंचा बसलेला आवाज. तिने दार ढकललं.

ढमी खोलीच्या मधोमध उभी होती. तोंड दाराकडे, दोन्ही हात पुढे, रागाने लालबुंद. तिच्यामागे सासूबाई आपले दुखरे गुडघे घेऊन फरशीवर बसल्या होत्या, आणि फ्रॉकचा घोळ त्यांनी मुठीत गच्च धरला होता.

"हाका मारून मारून घसा बसला माझा," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या डबड्यालाही हात करून झाले. केव्हाची पाऊल टाकायला निघालीय ही. म्हटलं, आई आल्याशिवाय सोडायची नाही."

 ती उंबऱ्यातच खाली बसली, हात पसरले.

"सोडा, आई."

मूठ उघडली. ढमी डुलली. एक पाऊल पडलं, मग दुसरं, आणि तिसऱ्याला ती पळतच येऊन आईच्या गळ्यात कोसळली. सासूबाई गुडघा धरून हसत होत्या. खाली दिराने वायर उपटून चित्र सुरू केलं असावं, कारण जिन्यातून त्याची आरोळी आली, "वहिनी, पाऊल दिसलं! मलाही दिसलं!"

तुमच्याही स्क्रीनवर आत्ता कोणी शांत झोपलेलं दिसत असेल. चित्र छानच असेल. तरी एकदा उठा, आणि जिना चढून बघून या.