दारात बंद पडणारी गाडी

रविवारी सकाळी गाडी पुन्हा बंद पडली, ती नेमकी धाकट्याच्या गॅरेजसमोर.

थोरला उतरला. रुमालानं कपाळ पुसत गाडीलाच म्हणाला, "विचार गं ह्यांना, वेळ आहे का."

"सांग त्यांना, आहे," धाकट्यानंही गाडीलाच सांगितलं.

सख्खे भाऊ. वडील देवाघरी गेले, तेव्हा त्यांची जुनी मोटरसायकल थोरल्यानं थोरलेपणाच्या हक्कानं घरी नेली. धाकटा मिस्त्री. ज्याला चोक कुठे असतो ते ठाऊक नाही त्याला गाडी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं त्यानं चार माणसांत सुनावलं. तेव्हापासून अबोला. आई राहायची थोरल्याकडे, आणि दोघांच्या मध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखे दिवस काढायची.

पण वडिलांचा एक नेम होता. दारात बंद पडलेली गाडी वैऱ्याची असली तरी चालू करून द्यायची. गॅरेजबरोबर तो नेमही धाकट्याकडे आला होता.

गेले कित्येक रविवार हेच चाललं होतं. आठवडाभर झाकून ठेवलेली गाडी रविवारी बाहेर निघायची. आई टाकी पुसून आरशासारखी करून द्यायची. ह्याच गाडीवर मागे बसून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन तिनं उभा संसार केला होता. मग थोरला तिच्या गुडघ्यांचं तेल आणायला पुढच्या दुकानाकडे निघायचा, आणि गाडी गॅरेजपाशी येऊन मान टाकायची.

धाकट्याची तपासायची रीत वडिलांचीच. आधी झाकण उघडून टाकीत पेट्रोल बघायचं, झाकण फडक्यानं घासून पुसायचं, परत लावायचं. मग प्लग, मग वायरी, मग कार्ब्युरेटर. एकदा त्यानं ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, गाडी सुरू झाली. एकदा कॉइलची सैल वायर आवळली, सुरू झाली. एकदा कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ केला, तर पहिल्या किकला इंजिननं असा ठेका धरला की ऐकत राहावं. दरवेळी त्याला वाटे, सापडलं दुखणं. पुढच्या रविवारी दुखणं दारात हजर.

इतक्या खेपा तर जावईसुद्धा घालत नाही, असं धाकट्याची बायको म्हणायची. चहा मात्र दोन कप आणायची.

त्या चहानं थोरला स्टुलावर बसायला लागला. टॉर्च धरायला लागला. एकदा त्यानं पान्याऐवजी पक्कड दिली, तेव्हा धाकटा हसला. मग थोरलाही हसला. मग दोघंही घाईघाईनं गाडीकडे बघायला लागले.

आज मात्र थोरला सरळ भावाशी बोलला. "आता पुरे झालं. आज दुखणं सापडलं नाही तर विकून टाकतो."

धाकट्याच्या मनात आलं, गाडी गेली की रविवार गेला, आणि रविवार गेला की भाऊ गेला. त्या धांदलीत त्याची रीतच मोडली. त्यानं आधी प्लग काढला. ठिणगी निळीशार. कार्ब्युरेटरची पेट्रोल साठायची वाटी उघडली. कोरडी ठणठणीत.

"पेट्रोल आहे ना?"

"काठोकाठ. काल संध्याकाळी डब्यातून भरलं. आई अर्ध्या टाकीनं निघू देते होय? रस्त्यात अडकशील म्हणते."

धाकट्यानं झाकण फिरवलं. सुस्स. टाकीनं लांब श्वास आत घेतला आणि खालच्या नळीतून धार लागली.

झाकणाला हवेसाठी टाचणीएवढं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही, आणि टाकी काठोकाठ असली तर थोडंच अंतर जाऊन गाडी गपगार होते. म्हणजे इतके दिवस इलाज झाला होता तो झाकण उघडून पुसल्यानं, आणि तो मात्र पाठ थोपटत होता पॉइंटची, वायरीची, जेटची. त्यानं भोक कोरलं. पांढरं काहीतरी निघालं. त्यानं वास घेतला.

साबण. आणि साबण काही आपल्या पायांनी भोकात जाऊन बसत नाही.

त्यानं वर पाहिलं. थोरला टॉर्च धरून उभा होता, साळसूद. म्हणे चोक कुठे असतो ते कळत नाही! सरळ दारात यायला मन धजेना, म्हणून गाडीला पुढे करून आला. विकायची गोष्टही नुसती हूल. धाकट्याचे डोळे भरून आले. त्यानं साबण गुपचूप पँटला पुसला.

"पॉइंट काळे पडले होते, दादा," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी तोंडून 'दादा' निघालं. "जुनं यंत्र आहे, पुन्हा पडतील. विकू नकोस. दर रविवारी आणत जा, मी बघतो."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. पण पुढच्या वेळी जेवायलाच थांबेन."

पुढच्या रविवारी निघताना थोरल्यानं आईला ती गंमत सांगितली. पॉइंटला धाकट्यानं हातसुद्धा लावला नव्हता, टॉर्च तर थोरल्याच्याच हातात होता. म्हणजे पठ्ठ्या मुद्दाम खोट ठेवून देतो, भावाला बोलवायला.

"तू काही बोलला नाहीस ना त्याला?" आईनं विचारलं.

"छे. त्याला वाटू दे, मला कळत नाही."

"बरं केलंस बाबा. मला मेलीला काय कळतंय त्या यंत्रातलं. टाकी भरलीस ना?"

"काठोकाठ," म्हणत थोरला चपला घालायला आत वळला.

आईनं फडक्यानं टाकी पुसली, झाकण पुसलं, आणि चिमटीतली साबणाची गोळी झाकणाच्या भोकात अंगठ्यानं नीट दाबून बसवली.