लॉकपत्ती

निजाम मिस्त्रीने शेवटचा नट काढला आणि जुन्या लँडमास्टर मोटारीच्या मागच्या ॲक्सलमधून चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शिअलचा गोळा दोन्ही हातांनी ओढून बाहेर घेतला. डांबरासारखं काळं तेल परातीत पडलं.

शेजारी पोत्यावर दुसरा गोळा उघडून ठेवला होता. तो नांदेडच्या भंगारातून आणलेला. मिस्त्रीने सकाळपासून तोच तपासला होता. दातांना निळी शाई लावून फिरवून पाहिला, दात नीट बसत होते. बेअरिंगं मात्र पार गेलेली. आत्ता काढलेल्या या मोडक्या गोळ्यातली बेअरिंगं त्यात चालली, तर गाडी उद्या रस्त्यावर येणार होती.

गाडीचा मालक भुजंग खोक्यावर बसून होता. गाडी त्याने लातूरच्या एका क्लासवाल्या सरांना कबूल केली होती. पहिल्या आलेल्या पोरांची मिरवणूक सरांना जुन्या मोटारीतून काढायची होती. बदल्यात भुजंगची मुलगी आरती दोन वर्षं त्यांच्याकडे फुकट शिकणार होती.

"चालंल ना, निजामभाई?"

"बघू द्या. पण मोडली कशी ही? सहा वर्षं झाली, तुमी परत आणलीच न्हाई."

"भूकंपाच्या दिशी मोडली."

मिस्त्रीचा हात थांबला. भुजंगचा मुलगा शिवम भूकंपात गेला हे त्याला ठाऊक होतं. भिंतीखाली गेला असेल, असंच तो धरून चालला होता.

"पोरगं ढिगाऱ्यातून जितं निघालं होतं," भुजंग म्हणाला. "बोलत होतं. मागच्या शिटावर त्याच्या मायच्या, उमाच्या मांडीवर निजवलं आन् लातूरला निघालो. औशाच्या अलीकडं मागून खाडकन आवाज आला. इंजन चालू, पण गाडी हलंना. दोन तासांनी एक ट्रक भेटला. तवर..." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "चूक माझीच. पडल्या घरांच्या दगडावरून घातली मी, बेभान होऊन. उमा म्हणायची, तुमी हळू चालवायला पायजे होती."

मिस्त्रीने डिझेलचा बोळा घेतला आणि गोळा पुसायला लागला.

आत ताटाएवढं दातेरी चाक. ते आठ बोल्टांनी आवळलेलं असतं. प्रत्येक बोल्टाखाली एक पातळ पत्ती, लॉकपत्ती. बोल्ट आवळला की पत्तीचा कान ठोकून बोल्टाच्या डोक्यावर चढवायचा, मग बोल्ट हलत नाही. मिस्त्रीने एकेक पुसत नेली. सहा पत्त्यांचे कान चढवलेले होते. सातवी सपाट होती. आठव्या जागी नुसतं भोक होतं.

त्याने परातीत हात घातला. तळाशी बोल्ट सापडला, दातांनी चावून चेंदामेंदा केलेला.

दगडाने असं होत नाही.

त्या वर्षी आखाडात, भूकंपाच्या दोन महिने आधी, हा गोळा त्यानेच खोलून पुन्हा भरला होता. त्यानंतर कुणाचा हात त्याला लागला नव्हता. त्या दिवशी मधेच कुणी हाक मारली होती का, नमाजाची वेळ झाली होती का, जेवायला उठलो होतो का, तो आठवून आठवून पाहू लागला. काहीच आठवेना. कुठलाही साधा दिवस असणार तो.

भुजंग रस्त्याकडे बघत होता. समोरचा क्लास सुटला होता आणि पोरंपोरी सायकली काढत होत्या. बोल्ट खिशात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. भुजंगची चूक भुजंगकडेच राहिली असती.

"भुजंगराव, जरा इकडं या."

भुजंग येऊन उकिडवा बसला. मिस्त्रीने बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला.

"दगडानं न्हाई मोडली गाडी. ही पत्ती बघा, आन् ह्या बाकीच्या बघा. या दोन मी ठोकल्याच न्हाईत. बोल्ट ढिला होत गेला आन् दातात पडला, दात तुटले. हे माझ्या हातून झालं. तुमची चूक न्हाई."

एवढं बोलून त्याने मान खाली घातली. भुजंग आता शिव्या देईल, कदाचित हात उचलेल, आणि उचलला तर बरंच होईल, असं त्याला वाटत होतं.

भुजंग बराच वेळ बोल्ट उलटसुलट करून पाहत राहिला.

"उमा पौषात गेली," तो म्हणाला.

"या अल्ला. मला कुणी कळवलं न्हाई."

"शेवटी शेवटी माझ्याशी बोलत नव्हती. मी पाणी पाजायला गेलो की तोंड फिरवायची. आरतीच्या हातून प्यायची."

भुजंगने सपाट पत्तीवर बोट ठेवलं. "ही ठोकायला किती वेळ लागतो, निजामभाई?"

"भुजंगराव..."

"न्हाई, सांगा की. किती वेळ लागतो?"

मिस्त्रीने छिन्नी उचलली. त्याने टोक पत्तीच्या कानाखाली टेकवलं आणि हातोडीचा एक टोला दिला. कान उठला, दुसऱ्या टोल्याला बोल्टाच्या डोक्याला जाऊन चिकटला. काम एवढंच होतं; त्याने हातोडी खाली ठेवली.

भुजंग तसाच उकिडवा बसून राहिला, पुढचा टोला कधी पडतो याची वाट बघत.