हीटरची पैज

“लाल रॉडवाला नको.” बाबांनी खोका उघडणाऱ्या दुकानदाराचा हात अर्ध्यावरच थांबवला. “दिसायला शेकोटी, पण पडद्याची झालर उडून आत गेली की संपलं. आणि तो पंख्याचाही नको. घसा कोरडा पडतो आणि बंद केला की पाच मिनिटांत खोली पुन्हा गारठते.”

दुकानदाराने तेल भरलेला, उभ्या पात्यांचा हीटर पुढे सरकवला. लेक बाजूला उभी राहून बघत होती. हातात वही होती, चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. कारखान्यांतली विजेची जोडणी तपासणं ही तिची नोकरी, आणि तिच्या नजरेतून सुटलेली चूक अजून कुणी पाहिली नव्हती. हे काम ती शिकली होती बाबांकडूनच. चाळीस वर्षं वायरमनकी केलेले बाबा. अख्खी गल्ली त्यांना ‘मास्तर’ म्हणायची.

पण मागच्या हिवाळ्यात मास्तरांनी ओला टॉवेल चालू हीटरवर वाळत टाकला आणि खुर्चीत त्यांचा डोळा लागला. करपल्याचा वास शेजारणीला आला म्हणून निभावलं. लेक धावत आली आणि म्हणाली, “बाबा, आता एकटं राहणं पुरे. माझ्याकडे चला.” बाबा ठाम नाही म्हणाले. वर्षभर फोनवर तोच वाद. शेवटी परवा त्यांनीच पैज लावली होती.

“यंदाचा हीटर मी निवडणार, मीच लावणार. तू तपासणी करायची. एक चूक काढलीस, तर तोंडातून शब्द न काढता तुझ्याबरोबर येईन.”

“आणि नाही सापडली तर?”

“तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

दुकानात बाबांनी हीटर मुद्दाम एका अंगावर कलवला. आपोआप बंद झाल्याचा ‘टक्’ आवाज कान देऊन ऐकला. तापमानाचं बटण दोन्ही बाजूंना फिरवलं, चाकं ढकलून पाहिली, पिनेची जाडी निरखली.

“दोन हजार वॅटचा घ्या ना, लवकर तापेल,” लेकीने पहिला सापळा लावला.

“दहा बाय बाराच्या खोलीला? पंधराशे पुष्कळ झाले. उगाच मीटर पळवायला मी काय वीज कंपनीचा जावई आहे?”

दुकानदार हसला. तिने हसू दाबून वहीत काहीतरी खरडलं.

घरी आल्यावर बाबांनी हीटर खोलीच्या मोकळ्या बाजूला ठेवला. खिशातली टेप काढून पलंगापासूनचं, पडद्यापासूनचं अंतर मोजलं. तीन फुटांहून जास्तच.

“वायर जरा आखूड पडतेय,” ती म्हणाली. “तो एक्स्टेंशन बोर्ड घ्या ना.”

“तपासणीसबाई,” बाबा मान वर न करता म्हणाले, “मी लाच घेत नाही आणि हीटर बोर्डावर लावत नाही.” त्यांनी हीटरच थोडा सरकवला आणि पिन थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटात बसवली. अर्ध्या तासाने उठून पिनेला हाताची मागची बाजू लावली. पिन गरम झाली नव्हती. एव्हाना खोलीत छान ऊब पसरली होती.

मग लेकीने शेवटचा सापळा काढला. बाहेरच्या धुक्याने तिची शाल ओलसर झाली होती. बाबांच्या हातात शाल देत ती अगदी सहज म्हणाली, “जरा वाळत घालता?”

बाबा शाल घेऊन उठले. ते हीटरच्या दिशेने वळले तेव्हा तिचं पेन वहीवरच थांबलं. आपल्याला नेमकं काय हवंय, हे तिचं तिलाच कळेना. ते चुकले तर आज आपल्याबरोबर येतील. पण चुकलेले बाबा गाडीत शेजारी मान खाली घालून बसलेले तिला बघवले असते का?

बाबा हीटरपाशी क्षणभर थांबले. मग ते तसेच पुढे गेले आणि पलीकडे दरवाजापाशी बांधलेल्या दोरीवर शाल नीट पसरून तिला दोन चिमटे लावले.

“दरवाजापाशीही वाळते,” ते हळूच म्हणाले. “वेळ लागतो, एवढंच.”

लेकीने दिवसभरात लावलेल्या एकाही सापळ्यात ते अडकले नव्हते. ज्या माणसाने आपल्या हातात पहिला टेस्टर दिला, तो माणूस अजून तसाच होता. तिची मान आपोआप ताठ झाली. तिने वहीचं पान फाडलं, त्यावर ‘दोष : शून्य’ लिहिलं आणि खाली कारखान्याच्या दाखल्यावर करायची तशी झोकात सही केली.

“जिंकलात, मास्तर. राहा इथेच. पुन्हा विषय काढणार नाही.”

बाबांनी कागद दोनदा वाचला. शेजारणीला हाक मारून बोलावलं, तिलाही वाचायला लावला. “परीक्षा कुणी घेतली ते बघा. सही बघा कुणाची!” शेजारणीने कौतुकाने मान डोलवली. मग कागदाची घडी करून बाबांनी ती वरच्या खिशात ठेवली, हीटर बंद केला, पिन काढली.

“गार झाला की हा गाडीत ठेव,” ते म्हणाले आणि वाकून त्यांनी पलंगाखालून कपड्यांनी भरलेली बॅग बाहेर ओढली.

“अहो बाबा, पण तुम्ही जिंकलात!”

“म्हणूनच तर येतोय.”