पिराजीच्या दुकानातला फोन

कारगिलचा उन्हाळा. सीमेवर निघालेला भाऊसोंचा फौजी पोरगा संघर्ष कोल्हापूरच्या स्टँडवर दुपारभर बापाची, त्याच्या आबांची, वाट बघून गेला, हे भाऊसोंना दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. भाऊसोंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आळीत फोन एकट्या पिराजीच्या दुकानात. तिथं जाऊन त्यांनी त्याची कॉलरच धरली.

"साऱ्या नेसरी गावाच्या भानगडी घरोघर पोचवतोस, आन् माझ्या पोराचा निरोप तेवढा जड झाला व्हय रं? फोन आलाच न्हाय म्हणून सांगू नगंस!"

"आलता की! तुम्ही रानात गेलता. 'मला सांग, पळत जाऊन निरोप देतो,' असं म्हणालो त्याला."

"मग?"



"म्हणाला, 'तुमच्याजवळ एक शब्द बोलायचा न्हाय, आबांची ताकीद हाय.'"